डालग्याखालचं सातवं

डालग्याखाली सहा कोकरं होती आणि सातवं काही केल्या ओरडत नव्हतं. सहाही जणं कामट्यांच्या फटींतून तोंडं बाहेर काढून चरायला गेलेल्या आयांना हाका मारत होती. सातवं मात्र त्यांच्या पोटाशी मुटकुळं करून निजलेलं. काळंभोर, ओल्या नाकाचं. मी वाकले तसा त्यानं एक डोळा उघडला आणि जांभई दिली. जांभईत सुईच्या अग्रासारखे दात दिसले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"कुत्र्याचं हाय ते," चुलीपुढून आजी म्हणाल्या. "सव्वा महिन्याचं झालं. आता हितंच ऱ्हायाचं त्यानं."

मार्गशीर्ष लागून चार-दोन दिवस झाले होते. कल्याणहून मुरबाडकडे जाताना रायत्याचा पूल ओलांडला की उल्हास नदीच्या अंगानं भातखाचरं लागतात. भात कापून, झोडून झालेलं असतं. खाचरात नुसती धसकटं, एखाद्या तुकड्यात ओलीवर पेरलेला वाल. अशाच एका खाचरात धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे भिंती-दरवाजे नव्हेत. एकत्र चालणारी बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, तट्टं, कोंबड्या, कुत्री, या सगळ्या चालत्या संसाराला ते वाडा म्हणतात. ही पाच बिऱ्हाडं पारनेरच्या माळावरून दिवाळी करून निघाली होती. माळशेज घाट उतरून मोरोशी, टोकावडे, सरळगाव असं करत इथवर आली होती. तीनशेच्या आसपास मेंढरं आणि तीन मोठी कुत्री. हे सातवं त्यांतल्या एकीचं.

मी डोंबिवलीत वाढले. माझ्या लहानपणी मानपाडा रस्त्याच्या पलीकडे भातशेती होती आणि थंडीत तिथे मेंढरं बसत. वडील सुट्टीच्या दिवशी शेतकऱ्याला विचारून पिशवीभर लेंड्या आणत, मोगऱ्याच्या कुंडीत घालत. घरात दोन दिवस तो वास राही, उबदार आणि थोडा आंबूस. पुढे ठाण्याच्या बँकेत एकतीस वर्षं गेली, आणि त्या एकतीस वर्षांत मेंढरं डोंबिवलीतून कधी हलली ते मला समजलं नाही. लोकलच्या दारात उभं राहून शेतं जाताना पाहिली होती, मेंढरं जाताना नव्हती. निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मुरबाड रस्त्यानं जाताना रिक्षात अचानक तो वास आला. मी रिक्षा थांबवून उतरले. त्या हिवाळ्यात मग दर आठवड्याला जात राहिले.

आजींनी मला काही शिकवलं नाही, मी येऊन बसत होते एवढंच. "बस की, बाई," म्हणायच्या आणि घोंगडीचं टोक सरकवायच्या. त्यांच्या दिवसाचा क्रम बघता बघता मला पाठ झाला. पहाटे आधी कोकरं सोडायची. डालगी उचलली की कोकरं सुटतात आणि कोंडवाड्यात एकच गलका होतो. तीनशे मेंढरं, सत्तर-ऐंशी कोकरं, सगळी एका सुरात ओरडताहेत असं मला वाटायचं, पण मिनिटभरात जो तो आपापल्या आईखाली गुडघे टेकून ढुसण्या देत असे. आवाज आणि वास, एवढ्या दोन खुणांवर हे जुळतं. ज्या आईला दूध कमी, तिचं कोकरू आजी दुसरीला लावत. दुसरी लाथ मारू लागली की तिचं डोकं आपल्या मांडीखाली दाबून धरत आणि तिच्याशी बोलत राहत.

मेंढरं लगेच चरायला जात नाहीत. दंव उतरायची वाट बघतात. ओल्या गवताबरोबर पोटात जंत जातात, असं पुरुषमाणसं सांगत, आणि पशुवैद्यही तेच सांगतात. ऊन वर आलं की आजींचा मुलगा पुढे होतो, घशातून एक हाक काढतो आणि कळप त्याच्यामागे चालू लागतो. मेंढरासारखं मान खाली घालून जाणं आपल्या भाषेत वाईट मानतात. ते मेंढरू कोणाच्या मागे चाललंय, हे मात्र त्या म्हणीनं कधी पाहिलेलं नाही. पुढे चालणारा पहाटे तीनला उठून त्याच्या खुरातला काटा काढत असेल, तर त्याच्या हाकेला ओळखून पाऊल टाकणं ही मला समजूतदारीच वाटते.

मागे राहतात बायका, लहान पोरं, कोकरं. मग वाघर हलवायची. वाघर म्हणजे दोरीची जाळी. खुंट्या रोवून तिचा गोल केला की रात्रीचा कोंडवाडा होतो. आज इथे बसवलेली मेंढरं उद्या शेजारच्या पट्ट्यात बसवायची, म्हणजे लेंडी आणि मूत खाचरात सारखं पसरतं. यासाठी शेतकरी धनगराला बोलावतो. पूर्वी मोबदल्यात भात मिळे, आता बहुतेक रोख. एकदा मेंढरं बसली की दोन-तीन पिकं जमीन त्याचं सत्त्व देत राहते.

आणि या सगळ्याच्या मध्ये ते सातवं.

मी विचारलं होतं, याला शिकवणार कोण आणि कधी? मनात चित्रातली मेंढपाळ कुत्री होती. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा तो काळा-पांढरा कोली, जमिनीला पोट लावून सरपटणारा, नुसत्या नजरेनं कळप वळवणारा. वेल्समधल्या बाला या गावी १८७३ साली अशा कुत्र्यांच्या शर्यती भरल्या होत्या, आणि आज तिकडे शिट्टीच्या एकेका सुराला एकेक अर्थ आहे. आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर तसलाच एक कोली आहे. संध्याकाळी खाली आणला की वाहनतळात खेळणाऱ्या मुलांभोवती तो गोल गोल धावतो आणि एखादं मूल बाजूला गेलं की अस्वस्थ होऊन त्याला घोळक्यात आणतो. सगळी मुलं एका जागी आली की धापा टाकत बसतो. त्याला पाहिलं की माझ्या पोटात कालवतं. त्याच्या रक्तात एक आख्खा डोंगर आहे आणि पायाखाली पेव्हर ब्लॉक.

धनगराचं कुत्रं तसं नव्हे. कळप वळवणं हे माणसाचं काम, हाकेचं आणि काठीचं. कुत्र्याचं काम राखणीचं. दख्खनच्या माळावर लांडगा, जुन्नरच्या उसात आणि इकडे घाटपायथ्याला बिबट्या, आणि सगळीकडे चोर. आजींच्या मोठ्या कुत्रीच्या गळ्यात खिळे बाहेर काढलेला चामड्याचा पट्टा होता. बिबट्या आधी नरडं धरतो, म्हणून. ती कधी माझ्याजवळ आली नाही, गुरगुरलीही नाही. उंच बांधावर पडून असायची आणि मी जाईपर्यंत तिचे कान माझ्या दिशेनं असायचे.

"शिकवायचं काय त्यात?" आजी म्हणाल्या. "मेंढरात निजतंय, मेंढरात उठतंय. मेंढरंच त्याची व्हत्यात."

हे ऐकलं त्या रात्री मला डार्विन आठवला. 'बीगल' जहाजाच्या प्रवासात, १८३३ साली, उरुग्वेच्या गवताळ रानात त्यानं माणूस जवळ नसताना कळप राखणारी कुत्री पाहिली. ती घडतात कशी, हे त्यानं चौकशी करून लिहून ठेवलं आहे. पिल्लाला फार लवकर आईपासून तोडतात, मेंढीचं दूध पाजतात, कोंडवाड्यात लोकरीची गादी करून देतात, आणि इतर कुत्र्यांत किंवा घरच्या मुलांत मिसळू देत नाहीत. पुढे ते पिल्लू मेंढरांना आपलं घर समजतं. गेल्या शतकाच्या सत्तरीत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन दांपत्यानं इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तानातली राखणीची कुत्री नेऊन तिकडच्या शेतकऱ्यांना दिली आणि त्यांच्या वाढीचा बारकाईनं अभ्यास केला. पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे दोन-अडीच महिने एक दार उघडं असतं, असं त्यांच्या कामातून दिसलं. त्या काळात ज्यांच्या उबेत ते झोपेल, ती त्याची माणसं. मग ती मेंढरं का असेनात. नंतर ते दार मिटतं. आजींना यातलं काहीच नव्यानं सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी ते पिल्लू बरोबर त्या दिवसांत डालग्याखाली सारलं होतं.

पण त्यांची रीत उरुग्वेइतकी कडक नव्हती. नातवंडं पिल्लाला उचलत, आजी ओरडत, पोरं खाली ठेवत, पुन्हा उचलत. भाकरी मात्र त्याला चुलीपाशी मिळायची नाही. दुधात कुस्करून वाघरीच्या आत नेऊन द्यायची. "चुलीची चटक लागली तर चुलीचंच ऱ्हाईल," एवढं एक त्या कटाक्षानं पाळत.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा असते. मुरबाड तालुक्यातलं हे म्हसा गाव, खांबलिंगेश्वराचं देऊळ, मोठा बैलबाजार, आणि थंडीच्या दिवसांत घोंगड्यांची दुकानं. आजींच्या मुलानं तिथून पिल्लासाठी लाल गोंडा आणला. त्या निमित्तानं घोंगडीची गोष्ट निघाली. यांची मेंढरं दख्खनी जातीची, काळ्या राठ लोकरीची. वर्षातून दोनदा कातरायची, सनगरांकडे द्यायची, ते सूत काढून मागावर विणायचे, चिंचोक्याची खळ लावून वाळवायचे. अशी घोंगडी पावसाचं पाणी कितीतरी वेळ आत येऊ देत नाही. आजींच्या अंगाखालची सासूच्या वेळची होती. आता कातरायची मजुरी लोकरीच्या भावाला जड होते. त्या वर्षीची लोकर दोन पोत्यांत भरून एका बाजूला पडली होती, कुणी विचारत नव्हतं. पिल्लू त्या पोत्यांवर चढून झोपायचं. मेंढरू विकतात ते मांसासाठी, आणि आजी व्यवहाराला पक्क्या होत्या. तरी व्यापाऱ्याचा टेम्पो आला की त्या पाठ करून भांडी घासायला बसत.

माघात पिल्लाला दात शिवशिवू लागले. त्यानं एका कोकराचा कान चावून ओढला, त्याच्यामागे पळत सुटलं, खेळच तो. कोकराच्या आईनं चार पावलं मागं जाऊन अशी धडक दिली की पिल्लू बांधावरून खालच्या खाचरात. मी पुढे धावले तर आजींनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. तिनं सांगितलंय, आता आपुन कशाला?" पिल्लू उठलं, अंग झाडलं, आणि बराच वेळ त्या मेंढीकडे न बघता बसून राहिलं. मग पोटावर सरकत तिच्याजवळ गेलं आणि तिचं तोंड चाटलं. तिनं चाटू दिलं.

तरी खोड जाईना तेव्हा त्याच्या गळ्यात लोढणं आलं. बाभळीचा हातभर दांडका, दोरीनं असा लटकवलेला की पळू लागलं की पुढच्या पायांत येतो, चालताना मात्र आड येत नाही. गळ्यातलं लोढणं हा शब्द मी आयुष्यभर ओझं या अर्थानं वापरत आले होते. इथे ते पिल्लाला चाल शिकवत होतं. मेंढराच्या चालीनं गेलास तर काही त्रास नाही, एवढंच त्याचं म्हणणं. तीन आठवड्यांनी काढलं, तेव्हा पिल्लाची चाल बदलली होती. मान खाली, खांदे सैल, कळपाच्या कडेकडेनं.

संध्याकाळी शेकोटीला कधी देवाच्या गोष्टी निघत. जेजुरीच्या खंडोबाला दोन बायका. म्हाळसा वाण्याची, बानू धनगराची. बानूसाठी देवानं वेष पालटला, धनगराच्या घरी चाकरीला राहिला, मेंढरं राखली. एकदा ती नदीवर धुवायला नेली आणि दगडावर आपटून सगळी मारून टाकली. पोर द्याल तर उठवतो, म्हणाला. लग्न ठरलं, मेंढरं उठली. ही कथा सांगताना आजी हसत, पण मेंढरं मेल्याच्या जागी त्यांचा आवाज दर वेळी बसायचा. खंडोबाचे वाघ्ये आपल्याला देवाची कुत्री समजतात, कोटंब्यातला प्रसाद कुत्र्यासारखा तोंडानं खातात, हे मी वाचलं होतं. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावरचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध केला, तो अशाच वाड्यांतून ओव्या ऐकत हिंडून. रा. चिं. ढेऱ्यांनी तर 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४च्या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. वाचलं तेव्हा ती माहिती होती. शेकोटीपाशी, पायाशी ते काळं पिल्लू आणि पलीकडे तीनशे जीवांचं रवंथ चाललेलं असताना, देवाला कुत्र्याचं रूप का आवडावं याचं मला नवल उरलं नाही.

फाल्गुनात खाचरं भाजू लागली, राबाच्या धुरानं आभाळ मळलं. चरायला पाला उरेना. बाभळीच्या शेंगा, सुबाभूळ, बांधावरचं वाळकं काहीबाही. मुलगा मेंढरं नदीकडे नेताना आधी स्वतः ओंजळीत पाणी घेऊन हुंगायचा. कुठल्या नाल्याचं पाणी कुठे मिळतं, हे दर वर्षी बदलतं म्हणे. कचऱ्याच्या ढिगांपासून कळप राखणं हे बिबट्यापेक्षा अवघड झालंय, असं तो म्हणाला. प्लास्टिक खाल्लेलं मेंढरू महिनाभर बरं दिसतं आणि मग एका सकाळी उठत नाही. आणि रस्ते. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळ आमणेला येऊन पोचला आहे. त्याच्या आधीचे आहेत, नंतरचे येताहेत. मेंढरांच्या वाटा नकाशावर नसतात, म्हणून त्यांना ओलांडायला कुणी पूल ठेवत नाही. कल्याण बंदर होतं तेव्हापासून जुन्नरहून नाणेघाटानं माल इथे उतरत आला, घाटमाथ्यावर सातवाहनांच्या राणीचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. व्यापाराच्या वाटेची आठवण दगडात राहिली. खुरांच्या वाटेची आठवण कुठे राहते? मला वाटतं, पिल्लाच्या नाकात. ते दर मुक्कामी चारही कोपरे हुंगून यायचं, खुंटी न् खुंटी, बांध न् बांध. पुढच्या वर्षी येऊ तेव्हा वळखल, असं आजी म्हणत. मी गप्प राहायचे. शेजारच्या दोन खाचरांत चुन्याच्या रेषा पडलेल्या मी येताना पाहिल्या होत्या.

चैत्रात एक रात्र मी तिथे राहिले. झोप लागेना. चांदण्यात मेंढरांच्या पाठी खडकासारख्या दिसत होत्या. मध्यरात्रीनंतर रस्त्याकडून मोकाट कुत्र्यांचं टोळकं आलं. मोठी कुत्री बांधावरून उठली, एक शब्द न काढता अंधारात गेली, मग तिकडे एकच कालवा झाला. तिच्यामागे दुसरी दोन गेली. मी पिल्लाला शोधत होते. ते आईमागे गेलं नव्हतं. मेंढरं घाबरून वाघरीच्या एका कडेला दाटली होती आणि त्यांच्या पुढ्यात, कोकरांच्या बाजूला, ते चार पाय रोवून उभं होतं. भुंकत होतं. आवाज अजून कोवळा, मधेच चिरकणारा, पण पाय हलत नव्हते.

आजी उठून बसल्या होत्या. "बघ," त्या हळूच म्हणाल्या. "मागं गेलं न्हाई. मेंढरात ऱ्हायलं." अंधारात त्यांनी डोळ्यांना पदर लावला. एवढ्या वर्षांत त्यांनी किती पिल्लं वाढवली असतील, पण प्रत्येकाच्या वेळी या एका रात्रीची वाट पाहावी लागत असणार.

मे संपत आला तसा वाडा परतीला लागला. मृगाच्या आधी घाट चढलाच पाहिजे. कोकणच्या चिखलात या मेंढरांचे खूर सडतात, रोग लागतात. त्यांचा जन्म कोरड्या माळाचा. ३१ मे ही अहिल्यादेवी होळकरांची जयंती. १७२५ साली चौंडीच्या धनगर घरात जन्मलेल्या त्या मुलीचं नाव २०२४ मध्ये यांच्या जिल्ह्याला मिळालं. "आमच्या जिल्ह्याला आमच्या लेकीचं नाव," आजी अभिमानानं सांगत. त्यांना त्या दिवसाच्या आत गावी पोचायचं होतं.

मी टोकावड्यापर्यंत गेले. येताना जे तट्टावरच्या डालग्यात बसून घाट उतरलं असेल, ते आता कळपाच्या डाव्या अंगानं पायी चालत होतं. समोर घाटाची भिंत निळी दिसत होती. मी हाक मारली. त्यानं मान वळवली, शेपटीचं टोक एकदा हललं, आणि मागे राहिलेलं एक लंगडं कोकरू पुढे येईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला थांबून राहिलं. माझ्यासाठी नव्हे. मला तेच हवं होतं.

श्रावणात रायत्याला गेले. ज्या दोन खाचरांत चुन्याच्या रेषा होत्या तिथे आता पत्र्याचं कुंपण होतं. वाडा बसला होता ते खाचर मात्र शेतकऱ्यानं लावलं होतं. भात पोटरीला आलेलं. आणि त्या हिरव्यात गोल गोल, एकाला एक लागून, गडद हिरवे ठसे उमटले होते. दर रात्री वाघर जिथे जिथे उभी होती, तिथे तिथे. मी बांधावरून चालत एकेक गोल मोजला. शेतकरी म्हणाला, यंदा बसवीन, पुढचं भाऊ ठरवतील.

तिथूनच आजींच्या नातवाला फोन लावला. आजींना सांगितलं, भात कसं आलंय ते. त्या विचारत राहिल्या, बांधावरची बाभूळ आहे ना, हातपंपाला पाणी आहे ना. मागे पाऊस वाजत होता, मेंढरांच्या घाट्या वाजत होत्या, आणि मधेच एक भुंकणं आलं. जाड, घोगरं, छातीतून निघालेलं.

"हे कोण?" मी विचारलं.

"त्योच," आजी म्हणाल्या.